७.१ चा आकडा आणि आपले दोन कान

हेडफोनच्या खोक्यावर ७.१ छापलंय, म्हणजे चहूबाजूंनी मांडलेले सात स्पीकर आणि खालच्या स्वरांचा एक, म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका. गेमसाठी नको, सिनेमासाठीही नको. चहूबाजूंचा आवाज हेडफोनमध्ये ऐकू येतो, फार सुंदर येतो, मी रोज रात्री तो ऐकते. त्याला लागतात दोन चांगले ड्रायव्हर, म्हणजे कपांतले बारके स्पीकर, डोक्याला नीट बसणारे पॅड आणि एक सॉफ्टवेअर. ते सॉफ्टवेअर बहुतेकांच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा गेममध्ये आधीपासूनच असतं.

हे लिहायला बसले ते भाच्यामुळे. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो, आणि सुट्टीत सांगलीला आला की माझ्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची त्याची होते. परवा त्यानं हेडसेटच्या तीन-चार लिंक पाठवल्या आणि खाली विचारलं, "मावशी, यातला कुठला घेऊ? हा ७.१ आहे, हा नुसता स्टिरिओ आहे. मग स्टिरिओवाला महाग का?" प्रश्न अगदी नेमका आहे. फोनवर मी त्याला थोडक्यात सांगितलं, पण याचं खरं उत्तर आपल्या कानात दडलेलं आहे, आणि ते सावकाश सांगण्यासारखं आहे.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ध्वनीच्या धड्याला एका मुलाला वर्गाच्या मधोमध स्टुलावर बसवते, डोळ्यांवर रुमाल बांधते आणि डोकं अजिबात हलवायचं नाही असं बजावते. मग बाकीचे पाळीपाळीनं वेगवेगळ्या बाजूंनी किल्ल्यांचा जुडगा वाजवतात आणि त्यानं बोट दाखवायचं. डावं-उजवं कधीच चुकत नाही. पुढून की मागून, वरून की खालून, हेही बहुतेक वेळा बरोबर येतं. मग किल्ल्यांऐवजी मोबाइलवर ५०० हर्ट्झचा सलग सूर लावायचा. डावं-उजवं अजूनही बरोबर, पण नाकासमोर धरलेला फोन तो बिनदिक्कत पाठीमागे दाखवतो आणि सगळा वर्ग हसतो. तिसऱ्या फेरीत कानाच्या बाहेरच्या वळ्यांमध्ये मऊ क्ले भरायचा, भोक मात्र पूर्ण मोकळं ठेवायचं. आता किल्ल्याही फसवतात, वरच्या खालच्या होतात. शेवटी त्याला डोकं हलवायची परवानगी द्यायची. डोकं जरासं वळवलं की पुढचं-मागचं पुन्हा जागेवर येतं.

हेडफोनमधल्या सराउंडचं, म्हणजे चहूबाजूंच्या आवाजाचं, सगळं शास्त्र या प्रयोगात आलं. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानात आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानात थोडा उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, कारण ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर आणि आपलं डोकं एवढंच. शिवाय डोक्याची सावली पडते, त्यामुळे उंच स्वर पलीकडच्या कानात क्षीण होऊन पोचतात. खालच्या स्वरांसाठी मेंदू वेळेचा फरक वापरतो आणि वरच्या स्वरांसाठी जोराचा, ही मांडणी ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली केली. पण आवाज बरोब्बर समोर किंवा बरोब्बर मागे असेल तर दोन्ही कानांत तो एकाच वेळी आणि सारख्याच जोरात येतो. मग मेंदूला कसं कळतं? बाहेरच्या कानाच्या वळ्यांमुळे. आवाज त्या वळ्यांवर आपटून आत येतो तेव्हा काही उंच स्वर गळतात, काही वाढतात, आणि कुठले गळाले यावरून मेंदू दिशा ओळखतो. उंचीची खूण साधारण ६ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सापडते. ५०० हर्ट्झच्या सुरात त्या पट्ट्यातलं काहीच नसतं, म्हणून मुलगा फसतो. क्ले भरला की वळ्याच बुजतात, म्हणून किल्ल्याही फसवतात.

आता हेडफोनकडे या. खोलीत डाव्या कोपऱ्यात स्पीकर ठेवला तर त्याचा आवाज दोन्ही कानांत जातो, उजव्यात साधारण पाव मिलिसेकंद उशिरा आणि थोडा मंद. हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज फक्त डाव्या कानात जातो. उजव्या कानाला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून साध्या हेडफोनमध्ये गाणं डोक्याच्या आत, दोन कानांच्या मधल्या रेषेवर ऐकू येतं. एकेका कपात चार-पाच ड्रायव्हर बसवून हे सुटत नाही. तसेही हेडसेट निघाले होते. रेझरच्या टियामॅट ७.१ मध्ये दोन्ही कानांत मिळून १० ड्रायव्हर होते. पण कानापासून दोन सेंटिमीटरवरचा ड्रायव्हर कितीही मागे सरकवला तरी त्याचा आवाज दुसऱ्या कानापर्यंत पोचत नाही. उलट लहान जागेत लहान लहान ड्रायव्हर कोंबावे लागतात आणि मूळ आवाजाचीच प्रत घसरते. आज बाजारात ७.१ म्हणून जे विकलं जातं त्यातल्या बहुतेकांत दर कानाला एकच ड्रायव्हर असतो. वायरीवरच्या यूएसबी डबीत एक चिप असते आणि ७.१ चं काम ती चिप करते.

ती चिप, विंडोजमधलं सॉफ्टवेअर किंवा गेम, तिघंही करतात तेच. एखादा आवाज अमुक दिशेनं आला असता तर डाव्या कानात कसा पोचला असता आणि उजव्यात कसा, याचं मोजमाप घेऊन ते आवाजावर लावायचं. या मोजमापाला एचआरटीएफ म्हणतात. ते घेण्यासाठी माणसाच्या किंवा पुतळ्याच्या कानात बारीक माईक बसवतात आणि चहूबाजूंनी आवाज सोडतात. अमेरिकेतल्या एमआयटीनं १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्यावर घेतलेली मोजमापं आजही वापरात आहेत. गंमत म्हणजे दोन कानांना दोन वेगळे आवाज द्यायची कल्पना याहूनही कितीतरी जुनी आहे. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात फ्रेंच इंजिनिअर क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर माईक मांडून लोकांना दोन-दोन टेलिफोनचे रिसीव्हर दिले होते, एकेका कानाला एक. ऐकणाऱ्यांना गाणारा रंगमंचावर डावीकडे आहे की उजवीकडे हे कळत होतं.

अडचण अशी की प्रत्येकाचं डोकं वेगळं आणि कानाच्या वळ्याही वेगळ्या. दुसऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला तर दिसतं, पण नंबर जुळल्यासारखं लख्ख दिसत नाही. पुतळ्याच्या कानाचं मोजमाप तुमच्या कानाला लावलं की तसंच होतं. कुणाला समोरचा आवाज डोक्यावर वाटतो, कुणाला पाठीमागे. म्हणूनच सॉफ्टवेअर निवडताना एकजण म्हणतो डॉल्बीचं भारी, दुसरा म्हणतो डीटीएसचं भारी, आणि दोघंही खरं सांगत असतात. आपापल्या कानाचं सांगत असतात. दुसऱ्याच्या शिफारशीवर विसंबून हे निवडताच येत नाही. स्वतः ऐकूनच निवडावं लागतं.

प्लेस्टेशन ५ या गेमच्या कन्सोलवाल्यांनी हे मान्य करून सुरुवातीला थेट पाच प्रोफाइल दिले होते. सेटिंगमध्ये आवाज वाजायचा, आणि ज्या प्रोफाइलमध्ये तो कानाच्या बरोबर उंचीवर ऐकू येईल तो आपण निवडायचा. कंट्रोलरच्या भोकात कुठलाही साधा स्टिरिओ हेडफोन लावला तरी चालतं. ॲपलनं २०२२ मध्ये आयफोनच्या कॅमेऱ्यानं कान टिपून त्यावरून आवाज बसवायची सोय केली. विंडोजवर विंडोज सॉनिक हे सराउंडचं सॉफ्टवेअर २०१७ पासून फुकट आहे. डॉल्बी ॲटमॉस आणि डीटीएस हेडफोन:एक्स विकत घ्यावे लागतात, पण आधी काही दिवस वापरून बघता येतात. आणि ज्याला खटपटीची आवड आहे त्याच्यासाठी हेसुवी नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट. त्यात वेगवेगळ्या खोल्यांची आणि यंत्रांची मोजमापं एकामागून एक लावून बघता येतात. मला ते मनापासून आवडतं, कारण डोळे मिटून, नाव न बघता, फक्त ऐकून निवडायची सवय त्यानं लागते.

पण निवडलं की थांबायचं. हे मी भाच्याला दोनदा सांगितलं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये नेचर न्यूरोसायन्समध्ये एक प्रयोग छापला होता. माणसांच्या बाहेरच्या कानांत साचे बसवून त्यांचा आकार बदलला. आवाजाची उंची ओळखणं लगेच कोलमडलं. पण ते साचे घालूनच लोक रोजचं आयुष्य जगत राहिले आणि काही आठवड्यांत मेंदूनं नवे कान शिकून घेतले. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे साचे काढल्यावर जुन्या कानांची ओळखही शाबूत होती. याचा आपल्यासाठी अर्थ साधा आहे. एखादा एचआरटीएफ बरा वाटला की त्याच्यासोबत काही आठवडे खेळा. दर शनिवारी नवीन सेटिंग शोधणाऱ्याच्या मेंदूला शिकायला सवडच मिळत नाही.

आता गेम. गेमच्या इंजिनाला प्रत्येक आवाजाची नेमकी जागा ठाऊक असते: हा माणूस तुझ्या मागे, डावीकडे, एक मजला खाली, लाकडी फळीवर चालतोय. गेमनं ही जागा ७.१ मध्ये पाठवली तर ती सात स्पीकरच्या सात दिशांत वाटावी लागते, आणि ते सातही स्पीकर जमिनीला समांतर एकाच पातळीवर असतात. मजला गेला. दोन स्पीकरच्या मधली जागाही अंदाजानं भरली जाते. मग ते सात चॅनेल, म्हणजे एकेका स्पीकरचे आवाज, पुन्हा दोन कानांसाठी घडवायचे. गेमकडे स्वतःचा एचआरटीएफ असेल तर हा द्राविडी प्राणायाम लागतच नाही. नेमकी दिशा थेट दोन कानांत उतरते. व्हॅलोरंटमध्ये ही सोय २०२१ मध्ये आली. काउंटर-स्ट्राइकच्या मागे व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम ऑडिओ हे आवाजाचं सॉफ्टवेअर आहे. ओव्हरवॉचमध्ये २०१६ पासूनच हेडफोनसाठी डॉल्बी ॲटमॉस आतच दिलेलं होतं. म्हणून गेम खेळणाऱ्यानं आधी गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जावं. तिथे एचआरटीएफ, थ्रीडी ऑडिओ किंवा हेडफोन असा पर्याय दिसला तर तो चालू करावा आणि बाकी सगळीकडे नुसतं स्टिरिओ ठेवावं.

बाकी सगळीकडे, हे महत्त्वाचं. भाचा दिवाळीत आला होता तेव्हा मित्राचा हेडसेट घेऊन आला होता. त्याच्या डबीवरचं ७.१ चं बटण चालू, विंडोजमध्ये सॉनिक चालू, गेममध्ये एचआरटीएफ चालू. तिघंही आपापल्या परीनं तोच आवाज वळवत होते. पावलं पोकळ आणि धूसर ऐकू येत होती, मागचं आणि बाजूचं एकमेकांत मिसळलेलं. "हेडसेटच असला आहे," असं त्याचं मत झालं होतं. मी डबीवरचं बटण बंद केलं, विंडोजच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून स्पेशिअल साउंड (तेच सॉनिक) बंद केलं, फक्त गेमचं ठेवलं. पहिल्याच राउंडला तो म्हणाला, "मावशी, जिन्यावर आहे एकजण." होता. सराउंड एकाच ठिकाणी करायचं. कुठे, ते महत्त्वाच्या क्रमानं ठरवा: गेमला येत असेल तर गेमनं, नाहीतर विंडोजनं किंवा कन्सोलनं, आणि यातलं काहीच नसेल तर हेडसेटच्या चिपनं.

गेममध्ये आपल्याला आणखी एक वरदान आहे. वर्गातला मुलगा डोकं वळवून पुढचं-मागचं ओळखतो, तसं गेममध्ये माउस वळवला की सगळं आवाजाचं जग आपल्याभोवती फिरतं. समोर की मागे असा संशय आला तर माउस थोडा डावीकडे न्यायचा. आवाज उजवीकडे सरकला तर माणूस समोर, डावीकडे सरकला तर मागे. पाच मिनिटं डोळे मिटून सराव करून बघा. चांगले खेळाडू हे न कळत करत असतात.

सिनेमात हे वरदान नाही. तिथे आवाज आधीच मिसळून ठरवलेला असतो आणि तुम्ही मान वळवली तरी हेडफोन मानेबरोबरच वळतो. मेंदूला ते लगेच जाणवतं आणि समोरचा संवाद कपाळाच्या आत येऊन बसतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे मानेची हालचाल मोजून आवाज पडद्यापाशी रोवून ठेवणं. ॲपलच्या एअरपॉड्स प्रोमध्ये हे २०२० मध्ये आलं, आणि आयपॅडवर सिनेमा बघताना ते खरोखर चकित करतं. दुसरा म्हणजे खोलीचा भास देणं. भिंतींवरून येणारा थोडा प्रतिध्वनी मिसळला की आवाज डोक्याबाहेर जातो. डॉल्बी आणि हेसुवीची बरीच मोजमापं हेच करतात. सिनेमाला हा प्रतिध्वनी शोभतो. गेममध्ये तोच प्रतिध्वनी पावलांच्या कडा पुसून टाकतो. म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर गेमसाठी एक सेटिंग आणि सिनेमासाठी दुसरं असतं, आणि दोघांना एकच लावायचा हट्ट कुणी धरू नये असं माझं ठाम मत आहे.

सिनेमासाठी त्याआधी एक गोष्ट तपासायची असते: तुमच्यापर्यंत सराउंड येतंय का? ब्राउझरमधून बघताना अनेकदा फक्त स्टिरिओ येतं. मग वर कितीही डॉल्बी लावा, दोन चॅनेलना खोलीचा भास मिळेल, मागच्या बाजूची विमानं आणि पाऊस मिळणार नाही. त्या सेवेचं ॲप असेल तर ते वापरा आणि सिनेमाच्या नावाखाली ५.१ (म्हणजे पाच स्पीकरचं सराउंड) किंवा ॲटमॉस लिहिलंय का ते बघा. ब्ल्यू-रे किंवा फाइल असेल तर प्लेअरच्या ऑडिओ ट्रॅकमध्ये ५.१ निवडा. ॲटमॉसचं चित्रपटगृहातलं रूप १२८ ट्रॅक आणि ६४ स्पीकरपर्यंत जातं. घरी येणारं रूप आटोपशीर असतं, पण उंचीची माहिती त्यातही असते.

आणि संवाद! घरोघरी तक्रार हीच की संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारी सुरू झाली की शेजारी जागे होतात. ५.१ मध्ये संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात. स्टिरिओत उतरवताना तो मधला चॅनेल डाव्या-उजव्या दोन्हींत विरघळतो, पार्श्वसंगीताच्या खाली जातो. ५.१ पुरं येत असेल आणि हेसुवीसारखं काही वापरत असाल तर मधला चॅनेल दोन-तीन डेसिबलनं वर घ्या. माझ्या सासूबाईंना ऐकायला थोडं कमी येतं म्हणून त्या टीव्ही मोठ्यानं लावायच्या. मधला चॅनेल वर घेतल्यापासून त्या हेडफोन लावून माझ्याशेजारी बसून सिनेमा बघतात, आवाज आधीपेक्षा कमी ठेवून. या सगळ्या खटपटीतून मला मिळालेलं सगळ्यात मोठं समाधान ते आहे.

आवाजाच्या पातळीचं इथेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असं आहे. पावलं ऐकू यावीत म्हणून आवाज चढवणारी मुलं मी बघते. पावलं ऐकू येत नसतील तर खोलीतला पंखा, गेममधलं संगीत आणि वर सांगितलेलं दुहेरी सराउंड आधी तपासा. कानातल्या पेशी गेल्या की परत येत नाहीत.

आता प्रत्यक्ष हेडफोन. उंचीची खूण ६ ते १० किलोहर्ट्झमध्ये असते हे वर आलंच. त्यामुळे ज्या हेडफोनचे उंच स्वर तिथेच उगाच टोकदार किंवा खचलेले असतील, तो कुठल्याही एचआरटीएफचं काम बिघडवतो. नुसता बास ढणढणवणारे हेडसेट यात हमखास मागे पडतात. स्टिरिओवाला महाग का, या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे. पैसे ड्रायव्हरवर आणि त्याच्या सपाट, स्वच्छ स्वरांवर गेलेले असतात.

मी वापरते ते सेनहायझरचे एचडी ५६०एस, २०२० साली आलेले, ओपन-बॅक. म्हणजे कपाच्या पाठीला जाळी असते आणि आवाज बाहेरही जातो. ओपन-बॅकमध्ये आवाज डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो, कान गुदमरत नाहीत, आणि वजन २४० ग्रॅम असल्यामुळे तीन तासांचा सिनेमा सहज निघतो. पण आपल्या घरांचा विचार करूनच हे घ्यावेत. शेजारी कुणी झोपलं असेल तर त्याला तुमच्या तोफा ऐकू जातात. बाहेरचंही सगळं आत येतं: छताचा पंखा, कुकरच्या शिट्ट्या, गल्लीतली कुत्री. मी रात्री हॉलमध्ये एकटी बसते म्हणून मला चालतात. होस्टेलच्या खोलीत, तीन पोरं आणि एक पंखा, तिथे क्लोज्ड-बॅकच हवेत. ऑडिओ-टेक्निकाचे एम५०एक्स किंवा बायरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो हे स्टुडिओतले क्लोज्ड हेडफोन गेमला उत्तम चालतात, आणि डीटी ७७० चे मखमली पॅड मऊ असतात.

पॅडकडे लोक बघतच नाहीत, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात तोच सगळ्यात मोठा प्रश्न असतो. रेक्झिनचे पॅड तासाभरात घामानं चिकटतात, आणि दोन उन्हाळ्यांत त्यांचे काळे पापुद्रे गालाला लागायला लागतात. मखमली किंवा कापडी पॅड शोधा आणि सुटे पॅड मिळतात का ते खरेदीआधी बघा. चष्मा असेल तर आणखी एक: चष्म्याची दांडी पॅडखाली फट पाडते आणि क्लोज्ड हेडफोनचा बास त्या फटीतून निघून जातो. दुकानात स्वतःचा चष्मा लावूनच हेडफोन चढवून बघा, आणि चढवून दहा मिनिटं तरी तसेच बसा.

होस्टेल, उन्हाळा, चष्मा आणि कमी पैसे हे चारही एकत्र आले तर माझं उत्तर बदलतं: वायरचे, कानात घट्ट बसणारे इअरफोन. मूनड्रॉपचे चू किंवा त्यांच्यासारखे दोन-तीन हजारांच्या आतले इअरफोन आज जे स्वच्छ उंच स्वर देतात ते त्याच किमतीच्या हेडसेटला जमत नाहीत. बाहेरचा कान यात पूर्ण वगळला जातो, पण त्याचं काम एचआरटीएफ करतच असतं. पंख्याचा आवाज अडतो, घाम नाही, दांडीची फट नाही. टोकाच्या रबरी टोपणांचे तीन आकार येतात, त्यातला घट्ट बसणारा निवडायचा. सैल बसलं तर बास जातो आणि त्यासोबत सगळा तोल.

ॲम्प्लिफायरवर पैसे घालायची गरज बहुतेकांना नाही. ३२ ओहम रोधाच्या आसपासचे हेडफोन फोन, लॅपटॉप, कंट्रोलर कुणीही चालवतं. माझे १२० ओहमचे आहेत, तरी डेस्कटॉपला पुरतात. २५० किंवा ३०० ओहमचे घ्याल तर ॲम्पचा विचार करा, म्हणूनच डीटी ७७० घेताना ८० ओहमचा मागा. लॅपटॉपच्या भोकातून खरखर येत असेल तर हेडफोन जोडायचा छोटा यूएसबी डोंगल लावा. तरीही गुणगुण राहिली तर चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष हेडफोनचा नाही, चार्जरचा किंवा भिंतीतल्या अर्थिंगचा असू शकतो. जुन्या वाड्यांमध्ये आणि भाड्याच्या खोल्यांमध्ये तिसरी पिन नुसती शोभेला असते. इलेक्ट्रिशियनला बोलवून तपासून घ्या, ते हेडफोनपेक्षा जास्त गरजेचं आहे.

ब्लूटूथ गेमला नको. आवाज उशिरा पोचतो, अनेकदा एक-दोन दशांश सेकंदानं, आणि तेवढ्यात समोरच्यानं गोळी झाडलेली असते. त्यात माईक चालू केला की नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज फोनकॉलच्या प्रतीवर घसरतो, मोनो होतो. मोनोमध्ये दिशा उरतच नाही. सिनेमाला ब्लूटूथ ठीक आहे, कारण बहुतेक ॲप चित्र तेवढंच मागे ठेवून ओठ जुळवून घेतात. गेमला वायर नको असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा स्वतःचा डोंगल असलेला हेडसेट घ्या.

भाच्याला शेवटी मी हे सांगितलं: आत्ता वायरचे इअरफोन घे आणि टेबलावर ठेवायचा साधा यूएसबी माईक घे. गेममधला एचआरटीएफ चालू कर, बाकी बंद कर, आणि सेमिस्टर संपेपर्यंत त्याला हात लावू नकोस. नोकरी लागल्यावर स्वतःची खोली झाली की ओपन-बॅक घेऊ, तेव्हा पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मी येते बरोबर. माईक मात्र तोंडापासून एक वीत ठेव आणि पंख्याच्या झोतात ठेवू नकोस, नाहीतर तुझ्या टीमला तुझ्याऐवजी पंखाच ऐकू येईल.